जाळीतून निसटलेला समुद्र

पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर काहीच लिहिले नाही. त्यांनी पिशवीतून तळहाताएवढा पांढरट कापडाचा तुकडा काढला, पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला आणि तो वर्गभर फिरवायला सांगितले. तुकडा परत आल्यावर त्यांनी विचारले, या कापडात काय दिसले? कुणी म्हणाले हे नायलॉन आहे, कुणी म्हणाले वीण फार बारीक आहे, एकाने ते उजेडाकडे धरून पाहिले होते आणि धागे एकमेकांना अगदी काटकोनात आहेत असे त्याने सांगितले. मॅडमनी सगळ्यांचे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "धाग्यांबद्दल सगळेच बोललात. भोकांबद्दल कुणी बोलेल का?"

ते कापड प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, गोळा करण्याच्या जाळ्याचे होते आणि त्याचे प्रत्येक छिद्र २०० मायक्रोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे होते. त्याहून मोठे ते जाळ्यात राहते, लहान ते पाण्याबरोबर निघून जाते. इतकी साधी गोष्ट समजायला आम्हाला पुढचे पाच महिने लागतील, असे त्या दिवशी वाटले नव्हते.

मॅडम आमच्या विद्यापीठात एका सत्रासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्या होत्या आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जैविक सागरविज्ञान शिकवणार होत्या. तीसहून अधिक वर्षे त्यांनी संशोधन-जहाजांवर आणि प्रयोगशाळेत प्राणिप्लवकांवर काम केले होते आणि त्यांचे शोधनिबंध आम्ही संदर्भासाठी वाचत आलो होतो. स्वतःबद्दल लिहिलेले त्यांना रुचत नसे, म्हणून त्यांचे नाव इथे देत नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ एखाद्या विभागात येतो तेव्हा बहुधा एक व्याख्यान होते, दोन-चार प्रश्न विचारले जातात, छायाचित्र निघते आणि पाहुणे परततात. मॅडमनी मात्र पूर्ण सत्राचे काम मागून घेतले होते, तासांबरोबर प्रात्यक्षिकेही घेतली, आणि जर्नल तपासण्याचे कामही दुसऱ्यावर सोपवले नाही. महासागरांचे भवितव्य, हवामानबदल अशा विषयांवर त्या बोलतील अशी आमची अपेक्षा होती. पहिले दोन आठवडे त्या जाळ्यांवर बोलल्या. आज मी स्वतः हा विषय शिकवतो आणि माझ्या शिकवण्याचा पाया त्या दोन आठवड्यांत घातला गेला, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

प्लवकांसाठीचा 'प्लँक्टन' हा शब्द १८८७ साली जर्मनीतल्या कील येथील व्हिक्टर हेन्सेन यांनी रूढ केला. प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याइतके बळ नसलेले, पाण्याबरोबर वाहत जाणारे सगळे जीव या एका नावाखाली आले. हेन्सेन मुळात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचा प्रश्न व्यावहारिक होता: समुद्रात मासे किती आहेत आणि ते कशावर जगतात? माशांच्या अन्नाची मोजदाद केली तर समुद्राचे एकूण उत्पादन काढता येईल, शेताचे काढतात तसे, असा त्यांचा विचार होता. १८८९ साली 'नात्सियोनाल' या जहाजावरून त्यांनी अटलांटिक महासागरात प्लवकांची मोहीम नेली. जाळी बनवायला त्यांनी जे रेशमी कापड वापरले ते गिरण्यांमध्ये पीठ चाळण्यासाठी विणले जात असे, कारण इतकी बारीक आणि एकसारखी वीण दुसऱ्या कशातच मिळत नव्हती.

हे सांगून मॅडम थोड्या थांबल्या आणि त्यांनी आम्हाला विचार करायला लावले की समुद्रातल्या जीवसृष्टीचा पहिला हिशेब पिठाच्या चाळणीने झाला, तर त्या हिशेबात काय आले असेल आणि काय राहिले असेल. त्यात आले ते कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक प्राणी), मोठे डायटम (कवचधारी एकपेशीय शैवाल), माशांची अंडी आणि अळ्या. त्यामुळे पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकातली समुद्राची अन्नसाखळी अगदी सरळ होती. डायटम सूर्यप्रकाशावर वाढतात, कोपेपॉड डायटम खातात, लहान मासे कोपेपॉड खातात आणि मोठे मासे लहान माशांना खातात. या साखळीतली एकही कडी खोटी नाही. फक्त तिच्या सगळ्या कड्या त्या रेशमी कापडाच्या छिद्रांपेक्षा मोठ्या होत्या.

याच कीलमध्ये हान्स लोमान नावाच्या संशोधकाला ही उणीव जाणवली, आणि ती दाखवून देणारा एक जीवच होता. अपेंडिक्युलेरियन हा बेडकाच्या पिल्लासारखा दिसणारा, काही मिलिमीटरचा पारदर्शक प्राणी स्वतःभोवती चिकट पदार्थाचे एक घर बांधतो. त्या घरात माणसाने विणलेल्या कोणत्याही रेशमापेक्षा बारीक गाळण्या असतात आणि शेपटी हलवून तो त्यातून पाणी खेचत राहतो. गाळण्या चोंदल्या की घर सोडून देतो आणि नवे फुगवतो. लोमान यांनी ही टाकलेली घरे सूक्ष्मदर्शकाखाली उघडली तेव्हा त्यात असे असंख्य एकपेशीय जीव अडकलेले मिळाले जे कोणत्याच जाळ्यात कधी सापडले नव्हते. त्यांना त्यांनी १९११ साली नॅनोप्लवक असे नाव दिले. समुद्रात काय आहे हे जाणण्यासाठी समुद्रातल्याच प्राण्याची गाळणी तपासावी, ही कल्पना मला आजही अतिशय सुंदर वाटते, आणि मॅडमनाही ती तशीच वाटत असावी, कारण त्या प्राण्याच्या घराचे चित्र त्यांनी फळ्यावर जवळजवळ अर्धा तास काढले. त्या सत्रात फळ्यावर इतका वेळ त्या दुसऱ्या कोणत्याही चित्राला थांबल्या नाहीत.

जाळ्याच्या हिशेबातल्या बाकीच्या अडचणी त्यांनी होडीवर शिकवल्या. जाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले ओढलेले अंतर म्हणजे गाळलेले पाणी, हे सूत्र आम्हाला पाठ होते. प्रत्यक्षात जाळे ओढायला लागले की थोड्याच वेळात छिद्रे चोंदू लागतात, पाणी आत शिरण्याऐवजी तोंडावरून बाजूला वळते आणि दोरीवर मोजलेल्या अंतराचा गाळलेल्या पाण्याशी संबंध राहत नाही. म्हणून तोंडात प्रवाहमापक बांधायचा, त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे लिहायचे आणि ते दोन्ही आकडे ज्याने वाचले त्याचे नावही लिहायचे. आमच्या पहिल्या फेरीत प्रवाहमापकाचा आधीचा आकडा लिहायचा राहिला. नमुना चांगला दाट होता, तो टाकून देणे आमच्या जिवावर आले. मॅडमनी तो टाकू दिला नाही, पण बाटलीवर चिठ्ठी लावायला सांगितली: "आकारमान अज्ञात". त्या नमुन्यातले जीव ओळखता येतील, मोजताही येतील, मात्र एका घनमीटरमागे किती हे कधीही सांगता येणार नाही, हे त्या दोन शब्दांत आले होते.

त्याच नमुन्यातला पहिला जिवंत कोपेपॉड मी पाहिला. तोवर फॉर्मॅलिनमधले, पांढरे पडलेले, शृंगिका (डोक्यावरच्या लांब मिशा) अंगाला चिकटलेले कोपेपॉडच आमच्या वाट्याला येत. हा जेमतेम एक मिलिमीटर लांब होता, काचेसारखा, आणि डोक्याच्या पुढच्या टोकाशी त्याचा एकुलता एक लाल डोळा स्पष्ट दिसत होता. दोन्ही शृंगिका होडीच्या वल्ह्यांसारख्या बाजूंना ताणलेल्या होत्या आणि तो पाण्यात निश्चल लटकलेला होता. मी सुईचे टोक पाण्यात नुसते टेकवले, त्याला स्पर्शही केला नाही, आणि तो दृष्टिक्षेत्रातून नाहीसा झाला. पोहत जाताना दिसलाच नाही, होता आणि नव्हता एवढेच कळले. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी सांगितले की एवढ्या लहान जिवाला पाणी आपल्याला मध वाटतो तसे दाट लागते, हातपाय हलवायचे थांबले की तो तिथल्या तिथे थांबतो, पाण्यावर घसरत पुढे जात नाही. शृंगिकांवरचे केस पाण्यातली अगदी सूक्ष्म हालचाल टिपतात, आणि माशाचे तोंड जवळ येताना पाणी जसे हलते तसेच ते सुईनेही हलले होते. याच कारणाने ओढले जाणारे जाळेही त्याला कळते. म्हणजे जाळ्यात जे येत नाही त्यात छिद्रातून गेलेले जसे असतात तसे जाळे ओळखून बाजूला झालेलेही असतात.

हा मुद्दा रात्रीच्या फेरीत अधिकच गुंतागुंतीचा झाला. दुपारी आणि अंधार पडल्यावर, त्याच जागी, त्याच खोलीपासून वरपर्यंत, त्याच जाळ्याने आम्ही नमुने घेतले. रात्रीचा नमुना दुपारच्या मानाने इतका दाट होता की जाळ्याच्या टोकाला बांधलेल्या बाटलीत पाण्याऐवजी खळ भरली आहे असे वाटले. प्राणिप्लवकांतले कितीतरी जीव दिवसा अंधाऱ्या खोलीत राहतात आणि रात्री अन्नासाठी वर येतात. सबंध महासागराचा विचार केला तर पृथ्वीवर प्राण्यांचे याहून मोठे स्थलांतर नाही आणि ते रोज होते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या ध्वनियंत्रांना खोल समुद्रात काही शे मीटरांवर एक खोटा तळ दिसू लागला होता. तो संध्याकाळी वर येई आणि पहाटे खाली जाई. तो तळ म्हणजे जिवांचा थर आहे, हे कोडे उलगडायला काही वर्षे गेली. आमचा रात्रीचा नमुना पाहून हे सगळे समजल्याच्या आनंदात आम्ही होतो. तेव्हा मॅडमनी विचारले की दुपारचा नमुना विरळ आला तो प्राणी तळाशी गेले म्हणून, की उजेडात त्यांना जाळे दिसले म्हणून? आमच्याकडच्या दोन बाटल्यांवरून याचे उत्तर देता येत नव्हते. दोन्ही कारणे खरी असतात, आणि त्यांना वेगळे करायचे तर वेगवेगळ्या खोलीवर उघडणारी व मिटणारी जाळी लागतात, ध्वनियंत्रे लागतात, कॅमेरे लागतात.

सूक्ष्मजीवांकडे त्या सत्राच्या मध्यावर वळल्या. समुद्राच्या पाण्यातले जीवाणू पूर्वी अगारच्या, म्हणजे पोषक जेलीच्या, थाळीवर वाढवून मोजत. थाळीवर जितके ठिपके तितके जीवाणू, असा तो हिशेब होता आणि त्यावरून समुद्रात जीवाणूंना फारसे महत्त्व नाही असे मानले जाई. थाळीवर वाढणारे जीवाणू म्हणजे एकूण जीवाणूंच्या एक टक्क्याहूनही कमी असतात, हे पुढे कळले. १९७७ साली हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांची, काळ्या रंगात बुडवलेली सपाट गाळणी वापरून आणि जीवाणूंना चमकणारा रंग देऊन ते थेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत मांडली. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात हे तेव्हापासून सर्वमान्य झाले. १९८९ साली विषाणूही असेच थेट मोजले गेले आणि त्यांची संख्या जीवाणूंच्याही सुमारे दहापट निघाली.

आकडा बदलला तशी अन्नसाखळीही बदलली. लॉरेन्स पॉमेरॉय यांनी १९७४ सालीच सांगितले होते की समुद्रातला बराचसा श्वसनव्यवहार सूक्ष्मजीवांचा आहे. १९८३ साली फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'सूक्ष्मजीवी वलय' हे रूप दिले. वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या प्लवकांच्या, पेशींमधून पाझरलेला, किंवा कुणी अर्धवट खाताना सांडलेला सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळून जातो. तो कोणताच प्राणी तोंडाने खाऊ शकत नाही. जीवाणू तो शोषून घेतात, जीवाणूंना अतिसूक्ष्म कशाभिकाधारी (चाबकासारख्या धाग्याने पोहणारे) जीव खातात, त्यांना सिलिएट हे अंगभर केस असलेले एकपेशीय जीव खातात आणि तिथून तो कोपेपॉडपर्यंत येतो, प्रत्येक पायरीवर बराचसा खर्च होत होत. शाळेपासून पाठ केलेल्या सरळ साखळीच्या शेजारी मॅडमनी हे वलय काढले आणि साखळी पुसली नाही. पोषकद्रव्यांनी भरलेल्या, ढवळलेल्या पाण्यात ती साखळी अजूनही मुख्य रस्ता असते, उबदार आणि निर्मळ निळ्या पाण्यात मात्र बहुतेक सगळा व्यवहार त्या वलयातच चालतो, असे त्यांनी सांगितले.

त्या निळ्या पाण्याचा खरा मालक तर आणखी उशिरा सापडला. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पेशी एकेक करून लेझरपुढून नेणारे फ्लो सायटोमीटर हे यंत्र जहाजावर नेले. यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाच्या अगदी काठावर त्यांना क्षीण लाल चमक दिसू लागली. ती चमक प्रोक्लोरोकॉकसची होती. हा जेमतेम ०.६ मायक्रोमीटरचा, प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू, आणि त्याची नोंद १९८८ साली प्रसिद्ध झाली. संख्येने पाहिले तर प्रकाशसंश्लेषण करणारा इतका विपुल जीव पृथ्वीवर दुसरा नाही. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी तो सापडला. पृथ्वीवर दरवर्षी होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणातला सुमारे निम्मा वाटा समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा आहे आणि त्यांचे एकूण वस्तुमान जगातल्या सर्व वनस्पतींच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. या पेशी काही दिवसांत वाढतात, खाल्ल्या जातात आणि पुन्हा वाढतात, म्हणून एवढ्याशा वस्तुमानात हे साधते. ही दोन वाक्ये मी पाठ्यपुस्तकात आधीही वाचली होती. प्रोक्लोरोकॉकसच्या गोष्टीनंतर ती वाचताना त्यातल्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी बदललेली गाळणी दिसू लागली.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. उत्पादन मोजण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे उजेडातली बाटली आणि अंधारातली बाटली. समुद्राचे तेच पाणी तीन बाटल्यांत भरायचे. एकीतला ऑक्सिजन लगेच मोजायचा, एक पारदर्शक बाटली उजेडात ठेवायची आणि एक काळ्या आवरणात. अंधारातल्या बाटलीत ऑक्सिजन घटतो तो श्वसनाने, उजेडातल्या बाटलीत वाढतो तो प्रकाशसंश्लेषणातून श्वसन वजा जाऊन. ऑक्सिजन मोजायचा तो विंकलरच्या पद्धतीने, जी १८८८ पासून मूळ तत्त्वात बदललेली नाही. पिपेटचे टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीजचा क्षार आणि मग आयोडाइडमिश्रित अल्क सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि तपकिरी साका खाली बसताना पाहायचा. तो जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. मग आम्ल घालताच साका विरघळतो आणि द्रावण पिवळे होते, ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत ते फिके गवती होईपर्यंत यायचे, स्टार्चचे थेंब टाकून ते निळे करायचे आणि तो निळा रंग ज्या एका थेंबाने जातो तो थेंब पकडायचा.

माझ्या अंधारातल्या बाटलीत चार तासांनंतर सुरुवातीपेक्षा जास्त ऑक्सिजन निघाला. अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही, म्हणजे कुठेतरी चूक होती. मी टायट्रेशन पुन्हा करून पाहिले, तोच आकडा आला. जर्नलमध्ये तो लिहायचे मला धाडस होईना. मित्राच्या बाटलीचा आकडा घेऊन मोकळे व्हावे असेही मनात आले, आणि मी पेन्सिलने तो लिहिलाही. मॅडम टेबलांमधून फिरत माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांनी जर्नल पाहिलेच नाही, आधी बाटल्या पाहिल्या. दुसऱ्या बाटलीत उरलेले पाणी होते, ती त्यांनी मला उजेडापुढे तिरपी धरायला सांगितली. बुचाखाली, काचेच्या मानेला चिकटून, ज्वारीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा होता. मी बाटल्या भरताना नळी तळाशी न टेकवता वरून पाणी सोडले होते आणि सगळ्याच बाटल्यांत हवा मिसळली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमचा आकडा बरोबर आहे. तो तुमच्या बाटलीतला ऑक्सिजन आहे, समुद्रातला नाही. तो शाईने लिहा आणि शेजारी बुडबुड्याचे चित्र काढा." पेन्सिलने लिहिलेल्या आकड्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. तो मी त्यांच्यासमोरच खोडला. ते जर्नल माझ्याकडे आहे आणि त्या पानावर खोडलेल्या आकड्याचा वळ अजून दिसतो.

पुढच्या तासाला त्यांनी त्या बुडबुड्यावरून अरबी समुद्र शिकवला. या समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालीपर्यंत ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. जगातल्या अशा थरांमध्ये तो फार मोठ्यांपैकी एक आहे. वर प्लवकांची भरघोस वाढ होते, ते मरून, विष्ठेच्या कणांतून आणि चिकट पुंजक्यांतून खाली बसत राहतात, जीवाणू त्यांचे विघटन करताना ऑक्सिजन संपवतात आणि उत्तरेकडे जमिनीने बंद असल्यामुळे ताजे पाणी तिथवर सहजी पोचत नाही. तिथल्या पाण्यात विंकलरची द्रव्ये घातली तर साका जवळजवळ पांढराच राहतो. अशा नमुन्यात टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा गेला तरी थोडासा ऑक्सिजन असल्याचा आकडा मिळतो. आणि ऑक्सिजन थोडा आहे की अजिबात नाही यावर नायट्रेट वापरून श्वसन करणारे जीवाणू तिथे कार्यरत असतील की नाही हे ठरते, त्यावरून समुद्रातला किती नायट्रोजन वायू होऊन निघून जातो हे ठरते. पुढे अतिसंवेदनशील संवेदक आले तेव्हा पूर्वी थोडा ऑक्सिजन नोंदवलेल्या कित्येक ठिकाणी तो प्रत्यक्षात जवळजवळ नसल्याचे दिसले. माझ्या बाटलीतल्या चुकीपेक्षा ती चूक फार लहान होती, तरी जात तीच होती.

बाटलीत काय नको ते जाते, याचे सर्वांत मोठे उदाहरण लोहाचे. दक्षिण महासागर, विषुववृत्तीय प्रशांत महासागर आणि प्रशांताचा उत्तरेकडचा उपध्रुवीय भाग या ठिकाणी नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असूनही वनस्पतिप्लवक विरळ असतात. पाण्यात लोह कमी पडते का, ही शंका जुनी होती, पण तपासायला गेले की पाण्यात लोह सापडेच. जहाज लोखंडाचे, दोर लोखंडाचा, बाटलीच्या झडपांना धातूच्या स्प्रिंगा, प्रयोगशाळेत धूळ. जॉन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्लात धुतलेली भांडी आणि गाळलेल्या हवेच्या खोल्या वापरून मोजमाप केले तेव्हा लोहाचे खरे प्रमाण पूर्वीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी निघाले. अर्धे टँकरभर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, हे त्यांचे १९८८ सालातले उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कल्पनेची पहिली खुली चाचणी १९९३ साली गॅलापागोस बेटांजवळच्या समुद्रात झाली, तिच्या काही महिने आधी त्यांचे निधन झाले होते. लोह टाकलेल्या पाण्यात प्लवक वाढले.

हिमयुगाचे वाक्य ऐकून वर्गात उत्साह पसरला होता, म्हणून मॅडमनी लगेच २००९ सालचा लोहाफेक्स हा प्रयोग समोर ठेवला. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 'पोलारस्टर्न' या जहाजावरून दक्षिण महासागरात तो केला होता. लोह टाकल्यावर प्लवक वाढले खरे, पण त्या पाण्यात सिलिकेट अगोदरच संपलेले असल्यामुळे सिलिकेटचे कवच बांधणारे डायटम वाढू शकले नाहीत. जे मऊ जीव वाढले ते कोपेपॉडनी खाऊन टाकले आणि खोल समुद्रात अपेक्षेइतका कार्बन गेला नाही. हवेतला कार्बन समुद्रात पुरण्याच्या योजनांविषयी मॅडमचे मत स्पष्ट होते: कोण खाणार आहे हे ठाऊक नसताना पेरणी करू नये. मलाही तेच पटते, आणि या विषयावर आज पैसा आणि घाई दोन्ही वाढत असताना ते अधिकच पटते.

जेलीसारख्या प्राण्यांबद्दल त्या थोडक्यात बोलल्या. जाळ्यात त्यांचा लगदा होतो आणि नोंदीत तो 'अनोळखी' म्हणून जातो, म्हणून १९७० च्या दशकात विल्यम हॅमनर आणि इतर काही संशोधक खुल्या समुद्रात दोराला बांधून घेऊन पाण्यात उतरले आणि त्यांनी हे प्राणी अखंड असताना पाहिले. उपग्रहांवरही एकच तास झाला. १९७८ पासून उपग्रह समुद्राचा रंग टिपतात आणि त्यावरून हरितद्रव्याचे नकाशे बनतात. त्या नकाशांत वरच्या थराची बेरीज असते, निर्मळ पाण्यात शंभर मीटरच्या आसपास असलेला हरितद्रव्याचा दाट थर दिसत नाही. आणि नैऋत्य मोसमी वारे वाहत असताना, अरबी समुद्राच्या पश्चिम कडेला खालचे गार, पोषक पाणी वर येऊन प्लवकांना उधाण येते, नेमक्या त्याच महिन्यांत त्या समुद्रावर ढग असतात. नकाशावरच्या त्या पांढऱ्या जागांना त्यांनी उपग्रहाच्या जाळ्याची भोके म्हटले.

सत्राच्या परीक्षेत एकच मोठा प्रश्न होता. एका नमुन्याची सगळी माहिती दिली होती: जाळ्याचे माप, छिद्रांचा आकार, प्रवाहमापकाचे आकडे, वेळ, खोली, प्रत्येक गटातल्या जीवांची संख्या. एका घनमीटरमागे किती जीव हे काढायला १० गुण होते. त्या संख्येत कोण नाही आणि का नाही हे लिहायला ४० गुण होते. मी दोन पुरवण्या जोडल्या होत्या.

जाताना मॅडमनी तो कापडाचा तुकडा विभागातच ठेवला. पुढे मी तिथेच शिकवायला लागलो तेव्हा तो माझ्याकडे आला, आणि दरवर्षी पहिल्या तासाला मी तो वर्गात फिरवतो. कडांचे धागे आता सुटत चालले आहेत. यंदा होडीवर जाळे धुताना एका विद्यार्थिनीने विचारले की सर, जाळ्याखालून हे जे पाणी गळते आहे ते आपण परत समुद्रातच का सोडतो आहोत? तिने बादली पुढे केली आणि ती भरेपर्यंत आम्ही जाळे तिच्यावर धरून उभे राहिलो. संध्याकाळी ते पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीवरून घेतले, रंग दिला, आणि दिवा मालवून ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही, मग तिने मोजायला सुरुवात केली.